लांछन आणि उत्तरदायित्व : वन्यजीव-संरक्षण संस्थांच्या तीन बोधचिन्हांचा इतिहास

प्राचीन भारतीय राजकुळांच्या ताम्रपटांवरील मुद्रांत प्राण्यांच्या आकृती आढळतात, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह, गोव्याच्या कदंबांचे सिंह, तर देवगिरीच्या यादवांचे गरुड होते. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती एकमेकींपासून ओळखण्याचे प्रमुख साधनही लांछन हेच होय. ऋषभनाथांचा वृषभ आणि महावीरांचा सिंह ही त्याची सर्वज्ञात उदाहरणे आहेत. या सर्व ठिकाणी प्राणी हा कुळाचा रक्षक, देवतेचे वाहन किंवा गुणाचे प्रतीक म्हणून येतो. त्या प्राण्याच्या स्वतःच्या जगण्यामरण्याचा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. अरण्यात एकही वराह उरला नसता, तरी चालुक्यांच्या मुद्रेचे प्रामाण्य अबाधितच राहिले असते.

विसाव्या शतकात वन्यजीवांच्या संरक्षणासाठी ज्या संस्था उदयास आल्या, त्यांनीही आपापल्या मुद्रेसाठी प्राण्यांचीच निवड केली. परंतु येथे लांछन आणि लांछनधारक यांचा संबंध नेमका उलट झाला. प्राण्याने संस्थेचे रक्षण करावयाचे नसून संस्थेने प्राण्याचे करावयाचे, अशी प्रतिज्ञाच या मुद्रेत अध्याहृत असते. मराठीत 'लांछन' या शब्दास 'खूण' आणि 'डाग' असे दोन्ही अर्थ आहेत. प्रतिज्ञा पाळली गेली नाही, तर पहिल्या अर्थाचे लांछन दुसऱ्या अर्थाचे लांछन ठरते. म्हणून अशा बोधचिन्हांकडे केवळ प्रसिद्धीचे साधन किंवा आलेखनकलेचा नमुना म्हणून पाहणे अपुरे होय. चिन्ह निवडताना संस्था आपली ओळख सांगते हे खरे. परंतु ते एकदा रूढ झाले, म्हणजे संस्थेने पुढे काय करावे हेही काही अंशी तेच ठरवू लागते. मुंबईचा धनेश, लंडन येथे रेखाटला गेलेला पांडा आणि जर्सी बेटावरील डोडो या तीन चिन्हांच्या इतिहासावरून हे विधान तपासून पाहता येते.

१. धनेश : सहवासातून आलेले चिन्ह

मुंबईची 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' ही १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. प्रारंभी या संस्थेचा हेतू संरक्षणाचा नव्हता. निसर्गाविषयीच्या नोंदींची देवघेव करणे आणि नमुन्यांचा संग्रह करणे हे तिचे कार्य होते. शिकारीचा छंद असलेले अनेक अधिकारी तिचे सभासद होते आणि त्यांच्या नोंदींनीच तिच्या नियतकालिकाचे प्रारंभीचे अंक समृद्ध झाले.

१८९४ च्या ऑगस्ट महिन्यात कारवारहून महाधनेश जातीचे तीन महिन्यांचे एक पिल्लू संस्थेस भेट म्हणून मिळाले. त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. अपोलो स्ट्रीटवरील संस्थेच्या कार्यालयात मानद सचिवांच्या आसनामागे त्याचा पिंजरा असे. एच. एम. फिप्सन आणि त्यांच्यानंतर डब्ल्यू. एस. मिलर्ड या दोघा सचिवांची कारकीर्द त्याने पाहिली. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याची लांबी सव्वाचार फूट झाली होती. फळांबरोबरच जिवंत उंदीर आणि विंचूही तो खात असे आणि दुरून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत अचूक झेलत असे. १९२० मध्ये तो मरण पावला. सव्वीस वर्षे एकाच ठिकाणी राहिलेला हा पक्षी बहुतेक सभासदांपेक्षा संस्थेत अधिक काळ हजर होता, असे म्हणावयास हरकत नाही.

संस्थेने धनेशास आपले बोधचिन्ह केले ते १९३३ मध्ये, म्हणजे विल्यमच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने. या निवडीत धनेश संकटग्रस्त आहे किंवा तो लोकांची अनुकंपा जागी करील असा विचार मुळाशी नव्हता. घरातील वडीलधाऱ्या माणसाची तसबीर भिंतीवर लावावी, तशी ही निवड होती. तथापि, याच १९३३ साली संस्थेचे क्यूरेटर एस. एच. प्रेटर यांनी भारतातील वन्य प्राणी आणि त्यांच्या रक्षणाचा प्रश्न या विषयावरील आपले महत्त्वाचे विवेचन मांडले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. संग्राहकांची संस्था संरक्षकांची होऊ लागली तो काळ आणि धनेश तिची मुद्रा झाला तो काळ एकच आहे. यांत कार्यकारणभाव दाखविता येणार नाही. परंतु नव्या कार्यास ही मुद्रा किती अनुरूप ठरली, हे पाहण्यासारखे आहे. धनेशाची मादी उंच, जुनाट वृक्षाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते, ढोलीचे तोंड लिंपून एक अरुंद फट तेवढी ठेवते आणि पिल्ले वाढेपर्यंत नर त्या फटीतून तिला अन्न पुरवितो. जुने वृक्ष तोडले गेले, की हा पक्षी राहू शकत नाही. याचा अर्थ असा की, धनेशाचे चित्र मुद्रेवर धारण करणारी संस्था अप्रत्यक्षपणे सह्याद्रीतील आणि अन्यत्रच्या जुन्या अरण्याचे चित्रच धारण करीत असते. पुढे संस्थेच्या मुंबईतील वास्तूस आणि १९७६ मध्ये निघालेल्या तिच्या नियतकालिकासही धनेशाचेच इंग्रजी नाव देण्यात आले.

२. पांडा : हेतुपूर्वक घडविलेले चिन्ह

धनेशाच्या बाबतीत प्राणी आधी आला आणि चिन्ह मागाहून. पांड्याच्या बाबतीत संस्था आणि चिन्ह एकाच वर्षी, काही आठवड्यांच्या विचारविनिमयातून निर्माण झाली. त्यामुळे चिन्हाच्या घडणीमागील हेतू येथे अधिक स्पष्ट दिसतात.

निसर्गरक्षणाचे आंतरराष्ट्रीय मंडळ १९४८ मध्ये फॉन्तेनब्लो येथे स्थापन झाले होते. त्याच्याकडे शास्त्रज्ञ होते, परंतु द्रव्य नव्हते. १९६० मध्ये ज्यूलियन हक्सली हे पूर्व आफ्रिकेचा दौरा करून आले आणि तेथील वन्यजीवांच्या दुःस्थितीविषयी त्यांनी 'ऑब्झर्व्हर' या लंडनच्या साप्ताहिकात लेख लिहिले. त्यांतून उठलेल्या चर्चेची परिणती २९ एप्रिल १९६१ रोजी स्वित्झर्लंडमधील मॉर्झ येथील जाहीरनाम्यात झाली आणि त्याच वर्षीच्या ११ सप्टेंबरला 'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड' या निधीची नोंदणी झाली. मॅक्स निकल्सन, गाय माउंटफर्ट आणि पीटर स्कॉट हे या कामी अग्रभागी होते. हा निधी मुळातच द्रव्य जमविण्यासाठी होता. अर्थात अनेक भाषांच्या देशांत, शब्दांवाचून ओळखू येईल अशी मुद्रा त्यास हवी होती.

त्या वेळी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चीची नावाची पांडा मादी होती. निधीच्या प्रचलित कथनात ती १९६१ मध्ये, म्हणजे निधीच्या जन्मवर्षीच, लंडनला आली असे सांगितले जाते. वस्तुतः ती १९५८ च्या सप्टेंबरातच तेथे आली होती. चीचीचा पूर्ववृत्तान्त त्या काळच्या राजकारणाचा निदर्शक आहे. हायनी डेमर या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याने आफ्रिकेतील प्राणी देऊन पेकिंगहून तिला मिळविले होते. अमेरिकेत तिची विक्री व्हावयाची होती. परंतु साम्यवादी चीनशी होणाऱ्या व्यापारावर अमेरिकेने घातलेल्या बंदीमुळे तिला तेथे प्रवेश मिळाला नाही. युरोपातील काही संग्रहालयांत फिरत ती लंडनला आली आणि तेथेच राहिली. शीतयुद्धाच्या दोन गटांमधील भिंतीमुळे अडलेला एक प्राणी पुढे सर्व राष्ट्रांच्या सहकार्याचे प्रतीक झाला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

चिन्हाची पहिली रेखाटने जेराल्ड वॉटरसन या चित्रकार-निसर्गप्रेमी गृहस्थांनी केली. त्यांच्या आधारे पीटर स्कॉट यांनी अंतिम आकृती सिद्ध केली. स्कॉट हे दक्षिण ध्रुवाच्या प्रवासात निधन पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचे पुत्र, स्वतः नामवंत पक्षिचित्रकार आणि १९४६ मध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांचे केंद्र स्थापन करणारे होते. १९६४ पासून त्या केंद्रात हिवाळी पाहुण्या हंसांपैकी प्रत्येकास चोचीवरील काळ्यापिवळ्या खुणांच्या रचनेवरून ओळखण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. खुणेवरून ओळख पटविणे हा त्यांच्या दृष्टीचाच विशेष होता.

पांड्याच्या निवडीची स्कॉट यांनी पुढे सांगितलेली कारणे अशी : प्राणी सुंदर, संकटात सापडलेला आणि जगभर लोकांस प्रिय असावा, तसेच काळ्यापांढऱ्यात छापला असता तो उठून दिसावा, म्हणजे छपाईचा खर्च वाचेल. या कारणांत शेवटचे कारण क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. देणगीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेस प्रत्येक पत्रावर, पावतीवर आणि वर्तमानपत्रातील आवाहनावर एकाच शाईने छापता येणारी मुद्रा हवी असते. निसर्गाने ज्याच्या अंगावर रंगच दोन ठेवले, असा प्राणी त्या दृष्टीने सोयीचा होता. १९६१ च्या आकृतीत प्राण्याच्या अंगावरील केसांचा आणि छायेचा काहीसा आभास होता. १९७८ मध्ये ती अधिक ठळक करण्यात आली. १९८६ मध्ये मस्तक आणि पाठ यांची बाह्यरेषा काढून टाकण्यात आली. काळे भाग तेवढे राहिले आणि पांढरा देह पाहणाऱ्याने आपल्या दृष्टीनेच पूर्ण करावयाचा, अशी योजना झाली. त्याच वर्षी संस्थेने 'वन्यजीव' याऐवजी समग्र 'निसर्ग' हा शब्द आपल्या नावात घेतला, परंतु आद्याक्षरे कायम ठेवली. अमेरिका आणि कॅनडा येथील शाखांनी मात्र जुनेच नाव राखले. या आद्याक्षरांचे मोल पुढे न्यायालयातही ठरले. तीच अक्षरे वापरणाऱ्या अमेरिकेतील एका कुस्ती-व्यावसायिक कंपनीशी १९९४ मध्ये झालेल्या कराराचा भंग झाल्याचा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला आणि २००२ मध्ये त्या कंपनीस आपले नाव बदलावे लागले.

चिन्ह पांड्याचे असले, तरी पहिले मोठे आवाहन पांड्यासाठी नव्हते, हे विशेष होय. ९ ऑक्टोबर १९६१ रोजी 'डेली मिरर' या वृत्तपत्राने निधीसाठी खास अंक काढला. त्याच्या पहिल्या पृष्ठावर पिल्लासह उभ्या असलेल्या आफ्रिकी गेंड्याचे छायाचित्र होते आणि वाचकांनी देणग्या दिल्या त्या गेंड्याचा विनाश टाळावा म्हणून. पांड्याची भूमिका येथे मुद्रेची होती. आवाहन दुसऱ्याचे असले, तरी त्याची सत्यता पटविणे हे तिचे काम होते. भारतातही असेच घडले. १९६९ मध्ये या निधीची भारतीय शाखा स्थापन झाली आणि बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९७२ मध्ये माउंटफर्ट यांच्या पुढाकाराने निधीने वाघाच्या रक्षणासाठी द्रव्य उभारले आणि १९७३ मध्ये भारत सरकारची व्याघ्रप्रकल्प योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत विदर्भातील मेळघाटाचा समावेश होता. पांड्याच्या मुद्रेखाली जमलेल्या पैशाचा काही अंश अशा रीतीने वाघाच्या कामी आला.

परंतु स्वतः पांड्याचे काय? चीनच्या अरण्यात जाऊन काम करण्याची सोय निधीस १९६१ मध्ये नव्हती. ज्या प्राण्याची मुद्रा घेऊन संस्था जगभर फिरत होती, त्याच्या भूमीत तिला सुमारे एकोणीस वर्षे पाऊल ठेवता आले नाही. चीची १९७२ मध्ये मरण पावली. तिचा देह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये पेंढा भरून ठेवण्यात आला. १९८० मध्ये चीन सरकारच्या निमंत्रणावरून निधीने तेथे प्रवेश केला आणि जॉर्ज शॅलर व त्यांचे चिनी सहकारी यांनी वोलाँगच्या डोंगरात पांड्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास आरंभिला. पुढील काळात चीनने अनेक राखीव क्षेत्रे निर्माण केली. चौथ्या गणनेत अरण्यातील पांड्यांची संख्या १,८६४ आढळली. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सूचीत त्याचा दर्जा 'संकटग्रस्त' यावरून 'असुरक्षित' असा एक पायरी सुधारला. या यशाचा मोठा वाटा चीनच्या शासनाचा आहे. तथापि, संस्था त्या कार्यात ओढली गेली ती तिच्या मुद्रेमुळे, असा निष्कर्ष काढणे वावगे होणार नाही. जगात असंख्य प्राणी संकटात असताना एका विशिष्ट प्राण्याविषयी 'त्याचे तुम्ही काय केले?' हा प्रश्न तिला कोणीही केव्हाही विचारू शकत होता.

३. डोडो : गतप्राण पक्ष्याचे चिन्ह

तिसरे उदाहरण सर्वांत वेगळे आहे. जमशेदपूर येथे १९२५ मध्ये जन्मलेले प्राणिसंग्राहक आणि लेखक जेराल्ड ड्यूरेल यांनी २६ मार्च १९५९ रोजी इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर, एका जुन्या जमीनदारी वाड्याच्या आवारात प्राणिसंग्रहालय उघडले. दुर्मिळ प्राण्यांची बंदिवासात वीण वाढवावी आणि शक्य तेव्हा त्यांना मूळ भूमीत परत सोडावे, हा त्यांचा हेतू होता. आर्थिक अडचणींतून मार्ग काढण्यासाठी १९६३ मध्ये या संग्रहालयाचे सार्वजनिक न्यासात रूपांतर झाले. त्या न्यासाने आपले चिन्ह म्हणून डोडोची निवड केली.

डोडो हा मॉरिशस बेटावरील, उडता न येणारा, कबुतराच्या कुळातील मोठा पक्षी. डच नाविक १५९८ मध्ये तेथे उतरले आणि १६६२ नंतर त्याचे विश्वसनीय दर्शन कोणास घडल्याचे सामान्यतः मानले जात नाही. शिकारीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, माणसाबरोबर आलेली डुकरे, उंदीर आणि माकडे त्याच्या नाशास कारण झाली. अशा पक्ष्याचे चित्र काढणाऱ्यापुढे एक विलक्षण अडचण असते. पाहून काढावे असे मूळच शिल्लक नाही. आधार तेवढा जुन्या चित्रांचा, काही अवशेषांचा आणि १८६५ मध्ये मॉरिशसच्या दलदलीत सापडलेल्या हाडांचा. लठ्ठ, गबाळ्या डोडोचे जे रूप युरोपात रूढ झाले, ते बहुतांशी सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रांवरून आले आहे. याउलट, मोगल दरबारातील उस्ताद मन्सूर यांच्या नावावर असलेल्या आणि सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयात असलेल्या चित्रातील डोडो अधिक वास्तव मानला जातो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही त्याच शतकाच्या पूर्वार्धात सुरतेस दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. नामशेष झालेल्या पक्ष्याच्या रूपाची एक मोलाची साक्ष अशा प्रकारे भारतात तयार झाली.

संरक्षण केंद्राने असे मृत चिन्ह निवडावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. धनेश जिवंत सहवासाची आठवण देतो आणि पांडा जिवंत प्राण्यासाठी याचना करतो. डोडोसाठी मात्र कोणालाही काहीच करता येण्यासारखे नाही. परंतु या निवडीतील तर्क येथेच आहे. पांड्याचे चिन्ह पाहणाऱ्याच्या मनात वात्सल्य उत्पन्न करते. डोडोचे चिन्ह घडून गेलेल्या अपराधाची आठवण देते. लांछन शब्दाचे खूण आणि डाग हे दोन्ही अर्थ येथे प्रारंभापासूनच एकत्र आलेले आहेत. इंग्रजी बोलण्यात डोडो हा शब्द मूर्खपणाचा आणि कालबाह्यतेचा वाचक होऊन बसला होता. त्याच पक्ष्यास आदरस्थान देऊन न्यासाने मूर्खपणा कोणाचा, हा प्रश्न जणू उलटा विचारला.

डोडोचे चित्र मॉरिशसला नवे नव्हते. १९०६ मध्ये मिळालेल्या त्या वसाहतीच्या राजचिन्हात ढालीच्या एका बाजूस डोडो आणि दुसऱ्या बाजूस सांबर उभे आहे. त्या बेटावरील हरणाची जात डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणलेली. नष्ट झालेला मूळ रहिवासी आणि बाहेरून आणलेला पाहुणा एकाच ढालीचा आधार झाले आहेत. स्वातंत्र्यानंतरही हे राजचिन्ह कायम राहिले. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून ऊसमळ्यांवर मजुरीस गेलेल्यांचे मराठी भाषक वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत. त्यांच्याही नित्य परिचयाचे हे चित्र आहे. परंतु राजचिन्हातील डोडोने कोणावर काही कर्तव्य लादले नव्हते. तो चालुक्यांच्या वराहाप्रमाणे शोभेचा आणि ओळखीचा होता.

जर्सीच्या न्यासाच्या मुद्रेवर आल्यावर त्याचा अर्थ पालटला. १९७६ मध्ये ड्यूरेल मॉरिशसला गेले आणि तेथून न्यासाच्या दीर्घ कार्यास आरंभ झाला. त्या वेळी डोडोच्या बेटावरील इतर पक्षीही त्याच वाटेवर होते. मॉरिशसचा खरूची १९७४ मध्ये केवळ चार उरल्याचे ज्ञात होते. गुलाबी कबूतर, म्हणजे डोडोचे दूरचे आप्तच, १९९० च्या सुमारास अरण्यात दहाच्या आसपास राहिले. कार्ल जोन्स आणि स्थानिक सहकारी यांनी, शासन व अन्य संस्थांच्या साह्याने, अंडी उबवून, पिल्ले वाढवून, शत्रूप्राण्यांचा बंदोबस्त करून आणि अन्न पुरवून या दोन्ही जाती मृत्यूच्या दारातून परत आणल्या. आज त्यांची संख्या शेकड्यांत मोजली जाते. न्यासाच्या जर्सी येथील प्रशिक्षणक्रमाचा पहिला विद्यार्थीही मॉरिशसचाच होता. ड्यूरेल १९९५ मध्ये निवर्तले आणि १९९९ मध्ये न्यासास त्यांचे नाव देण्यात आले.

४. उपसंहार

या तीन इतिहासांची तुलना केली असता चिन्ह आणि कार्य यांचा क्रम प्रत्येक ठिकाणी निराळा दिसतो. मुंबईस प्राण्याचा सहवास आधी, चिन्ह नंतर आणि संरक्षणाची व्यापक दृष्टी त्याच सुमारास आली. लंडनमध्ये चिन्ह आधी आले, त्या चिन्हाने इतर प्राण्यांचे काम केले आणि चिन्हातील प्राण्याकडे संस्था बऱ्याच विलंबाने पोहोचली. जर्सीत प्राणी तीन शतकांपूर्वीच नाहीसा झाला होता. चिन्हाने संस्थेस त्याच्या रिकाम्या घरी नेले आणि तेथे उरलेल्यांचे रक्षण करावयास लावले.

लोकप्रिय प्राण्याचे चिन्ह घेतल्याने लोकांचे लक्ष आणि द्रव्य मोजक्याच रूपवान प्राण्यांकडे वाहते आणि बेडूक, मासे, कीटक किंवा गवताळ माळ यांची उपेक्षा होते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. मुद्रेवर सर्व जीवसृष्टी मावत नाही आणि निवड केली म्हणजे काही वगळणे आलेच. परंतु गेंडा आणि वाघ यांची वर दिलेली उदाहरणे पाहता, वगळण्याचा दोष चिन्हाचा नसून चिन्हालाच कार्य समजण्याचा आहे, असे दिसून येते. नवे संरक्षण केंद्र स्थापन करणाऱ्यांनी आपल्या मुद्रेसाठी प्राणी निवडताना तो छपाईत कसा दिसेल, हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. पीटर स्कॉट यांनी तो विचारला होता. परंतु त्या प्राण्याविषयी वीस वर्षांनी लोक आपणास काय विचारतील, हाही प्रश्न त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे. चालुक्यांच्या वराहाने त्यांना कधी जाब विचारला नाही. या नव्या लांछनांतील प्राणी मात्र, जिवंत असोत वा मृत, आपल्या धारकांना जाब विचारीत असतात, हे या संस्थांच्या इतिहासातून स्पष्ट होते.